पातेल्यातले थर

उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर जागेचे वाटप होते. ते कोणी ठरवून केलेले नाही, परंतु मोडण्याचे धाडसही कोणी करत नाही. पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा तळमजल्यावरच्या काकूंचा. तिथे त्यांचे ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळतात. मधली ऐसपैस जागा माझ्या पत्नीच्या कुरडयांची. जिन्यालगतची जागा, जिथे दुपारनंतर सावली सरकते, ती उशिरा जाग्या होणाऱ्या कुटुंबांची.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात या व्यवस्थेत माझ्या भाचीने आपली तीन धोतरे आणून पसरली. धोतरांवर काळपट कच पसरलेली होती. जाडसर रव्यापेक्षा थोडी मोठी आणि मोहरीपेक्षा थोडी लहान. प्रत्येक धोतराच्या चारही कोपऱ्यांवर दगड होते आणि एका दगडाखाली चिठ्ठी होती: ‘वरचा’, ‘मधला’, ‘खालचा’.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती विद्यापीठात जीवाश्मांवर संशोधन करते, आणि जीवाश्मांतही दातांवर. गुजरातेतल्या एका लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, खाणीतून तिने तीन गोणी माती आणली होती. वसतिगृहाच्या खोलीत तीन गोणी माती धुण्याची सोय नसते. मामाच्या घरी ती असते, असे गृहीत धरून ती थेट नाशिकला उतरली. वाहनतळातल्या नळाखाली तिने ती माती दिवसेंदिवस बादल्यांत भिजवली, बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुतली, आणि चिकणमाती वाहून गेल्यावर चाळणीत जी कच उरली ती गच्चीवर नेली. कच वाळली की तिचा चिमूटभर भाग एका बशीत घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि ओलसर कुंचल्याच्या टोकाने कण कण बाजूला सारत दात शोधायचे, असा तिचा क्रम होता. तांदूळ निवडताना आपण खडे काढतो आणि तांदूळ ठेवतो. इथे दिवसभर खडे सारायचे आणि एखादा तांदूळ मिळाला तर दिवस चांगला गेला म्हणायचे.

मी तीस-एक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. तरीही मला हा दिनक्रम पाहून कंटाळा आला असता. तिला येत नव्हता.

संध्याकाळी ऊन उतरले की काकू बिबडे उलटायला वर येत. त्या मूळच्या देवळ्याकडच्या, कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. गच्चीवरच्या या नव्या वाळवणाबद्दल त्यांना पहिल्या दिवसापासून कुतूहल होते.

“पोरी, एवढी माती कोणाच्या दातासाठी चाळती तू?” त्यांनी एकदा विचारले.

“खारीपेक्षा थोड्या मोठ्या एका प्राण्याच्या, काकू. झाडावर राहायचा, फळं आणि किडे खायचा. लेमूरांच्या बाजूच्या घराण्यातला.”

“लेमूर म्हंजे?”

भाचीने मोबाइलवर चित्र दाखवले. पट्ट्यापट्ट्यांची शेपटी, वटारलेले पिवळे डोळे.

“अगं बाई, हे तर मांजर! तेबी रात्रभर जागलेलं.”

“मांजर नाही. हे आपल्याच गणातलं आहे. माकडं, वानरं, माणसं आणि हे, सगळे मिळून नरवानर गण.”

“मंग आपले आजोबाच म्हणायचे.”

हे उत्तर मी वर्गात दरवर्षी ऐकले आहे, आणि दरवर्षी ते खोडून काढले आहे. मी तोंड उघडणार, तोच भाची म्हणाली, “आजोबा नाहीत, काकू. चुलत घराणं. फार फार पूर्वी एकच कुटुंब होतं. त्याच्या दोन शाखा झाल्या. एकीतले आजचे लेमूर आणि आपल्या दक्षिणेतल्या रानातले छोटे लोरिस. त्यांचं नाक कुत्र्यासारखं ओलं असतं. दुसरीत माकडं आणि आपण, कोरड्या नाकाचे. लेमूर काही आपल्या आधीचे नाहीत. आपल्याइतकेच आजचे आहेत.”

“म्हंजे भाऊबंद!” काकूंना एकदम उलगडा झाला. “राहतात कुठं?”

“लेमूर रानात म्हणाल तर फक्त मादागास्करला. आफ्रिकेच्या बाजूला मोठं बेट आहे.”

“लय नशीबवान. वाटणीत अख्खं बेट आलं!”

माझी पत्नी कुरडया गोळा करता करता इतकी हसली की दोन कुरडया मोडल्या.

लेमूर त्या बेटावर पोहोचले कसे, याविषयी माझे एक मत होते आणि ते मी त्या दिवशी मांडले. भारत आणि मादागास्कर एकेकाळी एकमेकांना जोडलेले होते; पुढे जमीन दुभंगली, तेव्हा काही प्राणी तिकडे राहिले असणार, काही इकडे. उत्तर सुबक होते. भाचीने ते शांतपणे ऐकून घेतले.

“मामा, जमीन दुभंगली तेव्हा लेमूर जन्मालाच यायचे होते. भारत तिथून सुटला त्याला सुमारे नऊ कोटी वर्षं झाली. आफ्रिकेपासून तर ते बेट त्याच्याही कितीतरी आधी अलग झालं.”

“मग गेले कसे?”

“बहुधा आफ्रिकेतून, वाहत. पुरात उन्मळलेली झाडं, वेलींचे गुंते समुद्रात जातात, त्यावर बसून. एकदाच गेले की दोनदा, यावर अजून वाद आहे.”

“तिकीट न काढता,” काकू म्हणाल्या.

पुढे तिने जे सांगितले ते मला नवे होते. मादागास्करमध्ये लेमूरांची जी जुनी हाडे सापडतात ती भूशास्त्राच्या हिशेबात अगदी कालची आहेत. त्याआधीच्या कोट्यवधी वर्षांतला एकही लेमूर तिथल्या खडकात हाती लागलेला नाही. म्हणून त्यांच्या पूर्वजांचा शोध बेटाबाहेर घ्यावा लागतो: आफ्रिकेत, युरोपात, आशियात आणि, बऱ्याच जणांना ठाऊक नसते, पण आपल्या शेजारच्या गुजरातेतही. तिथल्या लिग्नाइटच्या खाणींतून निघालेले दात सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत; भारत तेव्हा आशियाकडे सरकत होता. या प्राण्यांना अडॅपिड म्हणतात. ते लेमूरांचे थेट पूर्वज असतीलच असे नाही. पण लेमूरांच्या शाखेच्या जवळपास ते बसतात.

ओळख पटते ती दातांवरून. आजच्या लेमूराचे खालचे पुढचे दात बारीक, लांब आणि पुढे झुकलेले असतात. त्यांची मिळून एक फणी होते, आणि त्या फणीने लेमूर एकमेकांची लव विंचरतात. अडॅपिडांमध्ये अशी फणी बहुधा नव्हती. त्यांचा पुढचा दात खुरप्यासारखा रुंद आणि उभा. भाचीला खालच्या जबड्यातला असा एक पुढचा दात हवा होता. दाढा इतरांना यापूर्वी मिळाल्या होत्या, पण त्या वरच्या आणि मधल्या थरांतून. खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या थरातून कोणालाही काहीच मिळाले नव्हते. तिच्या प्रबंधाचे एक संपूर्ण प्रकरण दोन प्रश्नांवर उभे होते: या प्राण्याला फणी होती का, आणि तो खालच्या थराच्या काळात तिथे होता का. पहिल्याचे उत्तर दाताच्या आकारात होते. दुसऱ्याचे उत्तर केवळ ‘खालचा’ या चिठ्ठीत होते.

अडचण अशी होती की खाण चालू होती. यंत्रे रोज भिंत खात पुढे सरकत होती, आणि ज्या भिंतीतून तिने गोणी भरल्या ती पावसाळ्यापर्यंत राहील याची शाश्वती नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला. दुपारी आम्ही दोघे मेन रोडवर तसा दिवा शोधत हिंडलो. तिसऱ्या दुकानात तो मिळाला, दुकानदाराने “हा कशाला लागतो?” असे विचारून तिचे सगळे उत्तर ऐकले आणि शेवटी “म्हणजे दातांच्या डॉक्टर का?” असेही विचारले. परतताना अंजनेरीच्या डोंगराच्या दिशेने आभाळ काळे झाले, वावटळ उठली, रस्त्यावरचे कागद आणि पालापाचोळा रिक्षात शिरू लागला. भाची घाबरली. “मामा, धोतरं!” म्हणून तिने रिक्षावाल्यामागे दोनदा घाई लावली.

इमारतीच्या दारात काकू उभ्या होत्या. चेहऱ्यावर विजय होता.

“काय काळजी करू नको, पोरी. तुझी मामी झोपलेली. मी पळत गेले आणि सगळं गोळा केलं. कुरडया, बिबडे, समोरच्यांचे सांडगे. एक कण उडू दिला नाय.”

“आणि माझी माती?”

“तीबी. एकदम बंदोबस्तात हाय.”

बंदोबस्त त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली होता: लग्नकार्यात वापरतात तसले एक मोठे पितळी पातेले, वर झाकण, झाकणावर पोळपाट. काकूंनी झाकण काढले. आत काळपट कच होती. एकच, सलग. तिच्यावर तीनही चिठ्ठ्या एकावर एक नीट ठेवलेल्या होत्या.

“चिठ्ठ्यासुद्धा सांभाळल्या,” काकू म्हणाल्या.

भाची खाली बसली. ती पातेल्यात पाहत राहिली. काकूंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा आवाज उतरला. “सर, काय चुकलं का माझं? मातीच ना ती? सगळी काळीच होती.”

हे समजून घेणे मला अवघड गेले नाही. ज्यांचे बालपण खळ्यावर गेले, त्यांना आभाळ भरून आले की पसरलेला कांदा एका ढिगात लोटायचा आणि झाकायचा एवढेच सुचते. कोणता कांदा कोणत्या वाफ्यातला, हे वारा सुटलेला असताना कोणी विचारत नाही. काकूंनी तेच केले होते, आणि निष्ठेने केले होते. पाऊस मात्र आला नाही. चार थेंब पडले आणि ऊन पडले.

मी काकूंना थोडक्यात सांगितले की ती तीन वेगवेगळ्या काळांतली माती होती आणि आता ती एक झाली आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. मग अचानक त्यांचे डोळे चमकले.

“थांबा की! मी टाकीजवळचं कापड आधी ओतलं. त्याच्यावर मधलं. मग जिन्याकडचं. हे मला पक्कं आठवतंय.”

टाकीजवळ ‘खालचा’ वाळत होता.

भाचीने मान वर केली. मीही. क्षणभर आम्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट आली असावी. जे आधी पडते ते तळाशी राहते आणि नंतरचे त्यावर साचते, हा थरांचा पहिला नियम; तो मी फळ्यावर आडव्या रेघा ओढून किती वेळा शिकवला असेन! खाणीत जो क्रम होता तोच क्रम काकूंनी अजाणता पातेल्यात उतरवला होता. वरून अलगद, चमच्या-चमच्याने काढत गेलो, तर तीनही थर पुन्हा वेगळे होण्याची आशा होती. निदान तळाची चार बोटे तरी निश्चितपणे ‘खालच्या’ची निघाली असती.

“काकू,” भाचीने अतिशय मऊ आवाजात विचारले, “ओतल्यावर तुम्ही हात नाही ना लावला?”

“छे, हात कशाला लावू?” काकू म्हणाल्या. “फक्त पातेलं आपटून बसवलं. त्याशिवाय झाकण बसतंय का? दोनतीनदा आपटलं, मग उलथन्यानं जरा वरखाली केलं, मग परत आपटलं.”

गव्हाच्या डब्याला जे करतात ते सर्व, कोणतीही कसूर न ठेवता. भाची हसायला लागली. ती हसते आहे की रडते आहे, हे कळायला माझ्या पत्नीला वेळ लागला. ती नुकतीच झोपेतून उठून खाली आली होती आणि तिला एवढेच दिसले की सगळे एका पातेल्याभोवती बसले आहेत.

“काय केलंय त्यात?” तिने विचारले. “चिवडा?”

“मिसळ,” भाची म्हणाली.

कच फेकून देण्याचा विचार तिने केला नाही. दुसऱ्या दिवसापासून नवा दिवा लावून तिने त्याच मिसळीतून बशा भरायला सुरुवात केली. काकू दुपारच्या येऊन शेजारी बसत. कामाला हात लावायची त्यांना बंदी होती, म्हणून त्या चिंचेतले चिंचोके काढत आणि सूक्ष्मदर्शकाकडे पाहत. शिंपल्यांचे तुकडे निघाले, माशांचे दात निघाले, सापाचा एक मणका निघाला. “हाय का आपला?” काकू प्रत्येक वेळी विचारत. “नाही, हा मासा,” असे उत्तर आले की त्या निराश होऊन पुन्हा चिंचेकडे वळत.

आणि एका सकाळी तो निघाला.

भाचीने मला हाक मारली नाही. नुसती खुर्चीवरून उठून बाजूला झाली. मी भिंगातून पाहिले. काळाभोर, चकचकीत, टोकाला रुंद आणि चपटा, एका बाजूला किंचित खोलगट. उघड्या डोळ्यांना तो तिळाच्या दाण्याहून फारसा मोठा दिसला नसता. लेमूराच्या फणीचा दात सुईसारखा असतो; हा खुरप्यासारखा होता. फणी नव्हती. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी कोणीतरी या दाताने फळाची साल सोलली होती, आणि लव विंचरायला त्याने बहुधा नुसती जीभ वापरली होती.

“अभिनंदन,” मी म्हणालो. “तुझं प्रकरण पूर्ण झालं.”

“अर्धं,” ती म्हणाली.

त्यानंतर मी जे बोललो ते शिक्षकाने बोलू नये असे होते, परंतु मामाने बोलावे असे होते. दात काळाभोर आहे, मी म्हणालो. खालचा थर लिग्नाइटला टेकलेला, म्हणून तिथले दात जास्त काळे होणार. वरच्या थरांतले तपकिरी असतील. शिवाय तुझ्याजवळ काकूंची साक्ष आहे. एवढा पुरावा असताना ‘खालचा’ लिहायला हरकत काय?

“दात मिळाला कुठे? पातेल्याच्या वरच्या भागात.”

“आपटल्यामुळे वर आला असेल.”

“किंवा नसेल. मामा, मला तो खालच्या थरातला हवाय. म्हणूनच मला त्याचा रंग एवढा काळा दिसतोय. तुमच्या वर्गात एखाद्यानं उत्तर आधी लिहून मग त्याला साजेशी रीत मांडली असती, तर तुम्ही किती गुण दिले असते?”

मी शून्य दिले असते. तिला ते माहीत होते. तिच्या आईचा गृहपाठ मीच तपासत असे.

तिने तिथूनच तिच्या मार्गदर्शक बाईंना फोन लावला आणि काही न लपवता सगळे सांगितले. पातेले, आपटणे, उलथने. पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला, मग गंभीर बोलणे. फोन ठेवल्यावर तिने आम्हाला निकाल सांगितला. दाताचा आकार प्रबंधात जाईल, कारण पातेले आपटल्याने आकार बदलत नाही. त्याच्यापुढे ‘थर अनिश्चित’ असे लिहिले जाईल. काळाविषयीचा प्रश्न मोकळा राहील, जोपर्यंत खालच्या थराची नवी माती मिळत नाही. आणि भिंत उरली असेल तरच ती मिळेल.

“मग उरली का बघून ये,” माझी पत्नी म्हणाली. “आणि अहो, तुम्हीपण जा. गोणी उचलायला कोणी नको का?”

पहाटेच्या एसटीने आम्ही सापुताऱ्याचा घाट उतरून गेलो. खाण मी प्रथमच पाहत होतो: जमिनीत उतरत गेलेल्या प्रचंड पायऱ्या, तळाशी काळे पाणी, आणि भिंतींवर राखाडी, पिवळे, काळे पट्टे. मी फळ्यावर काढायचो तसेच, पण कित्येक मजले उंच. भाचीची जुनी भिंत गेली होती. जिथे तिने गोणी भरल्या होत्या तिथे आता नुसती हवा होती. ती नव्या भिंतीच्या कडेने चालत गेली, हात मातीवरून फिरवत, आणि बऱ्याच अंतरावर जाऊन थांबली. लिग्नाइटच्या लगेच वर शिंपल्यांनी भरलेला एक करडा पट्टा होता. जुन्या भिंतीत तो कमरेइतका जाड होता. इथे तो वीतभर उरला होता.

“हाच?” मी विचारले.

“हाच. बारीक झालाय, पण तुटलेला नाही.”

खाणीवरच्या पर्यवेक्षकांनी आम्हाला दुपारपर्यंत वेळ दिला. त्यानंतर यंत्र त्या बाजूला येणार होते. तिने खणले, मी गोणीचे तोंड धरले. गोणी तिने शिवली, आत एक चिठ्ठी टाकली, बाहेर रंगाने लिहिले, आणि परतीच्या गाडीत ती गोणी तिने डिकीत टाकू दिली नाही. कंडक्टरने विचारले, “काय आहे ताई, धान्य?”

“माती.”

“नाशिकला माती मिळत नाही का?”

“मिळते. पण आमच्या शेजारी ती फार सांभाळून ठेवतात.”

या वेळची कच गच्चीवर गेली नाही. ती आमच्या बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली, बंद दाराआड वाळली, आणि तेवढे दिवस आम्ही पाहुण्यांना स्वयंपाकघरात बसवले. पुढचा दात तिच्यात निघाला नाही. परंतु जेमतेम दोन मिलिमीटरची एक दाढ निघाली, काळी नव्हे, तपकिरी, चार उंचवटे स्वच्छ दिसणारी, त्याच प्राण्याची. म्हणजे खालच्या थराच्या काळातही तो तिथे फांद्यांवर होता.

भाची ती बशी तळहातावर घेऊन तळमजल्यावर गेली. मी मागोमाग गेलो. काकूंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला, आणि भिंगातून बराच वेळ पाहिले.

“ही कुठली?”

“खालच्या थरातली, काकू.”

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

“नक्की?”

“नक्की. या वेळी मीच भरली, मीच वाळवली, आणि तुम्हाला आत येऊ दिलं नाही.”

“मंग बरोबर हाय,” काकू म्हणाल्या, आणि दाढ पुन्हा एकदा पाहायला वाकल्या.